ज्येष्ठ वद्य पंचमी, शके 1878

आजींना वडिलांच्या मृत्यूच्या नोंदीची नकल हवी होती. अर्जात मृत्यूचा काळ लिहिला होता मे-जून 1956, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यावर शेरा पडलेला, 'नोंद आढळली नाही'. तो कागद घेऊन आजी नातवाबरोबर उज्जैनहून पुन्हा आल्या होत्या. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या ज्या कचेरीत मी जुनं रेकॉर्ड सांभाळते, तिथे असे कागद घेऊन रोज कुणीतरी येतं. पण आजी खिडकीशी मराठीत बोलू लागल्या, म्हणून मी त्यांना आत बसवलं.

प्रश्न घराचा होता. चिटणिसांची गोठ या मोहल्ल्यातलं घर आजींच्या वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, मृत्युपत्र केलेलं नाही. भाच्यांचं म्हणणं, आजोबा मेअखेरीस गेले. हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला 17 जून 1956 ला. त्याआधी वडील गेले असतील तर मुलगे असताना मुलीला वाटा नाही, नंतर गेले असतील तर ती मुलग्यांच्या बरोबरीची वारस. सगळं त्या एका तारखेवर येऊन थांबलेलं.

"आजी, मे महिना कुणी सांगितला तुम्हाला?"

"अर्ज लिहिणाऱ्यानं. मी त्याला तिथी सांगितली, ज्येष्ठ वद्य पंचमी. त्याच दिवशी श्राद्ध करतो ना आम्ही. त्यानं पंचांग बघून तारीख काढली."

पंचांग कुठलं, हे विचारायची गरजच नव्हती. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हे लहानपणापासून ठाऊक असतं. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं जमतं, वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं. आपली गोकुळाष्टमी श्रावणात, शेजारच्यांची भादोंत, आणि उपास एकाच दिवशी. तसंच आपलं ज्येष्ठ वद्य म्हणजे त्यांचं आषाढ कृष्ण. 1956 ची बुद्धपौर्णिमा 24 मेची. तिच्या पाठोपाठ आलेला पंधरवडा हिंदी पंचांगात ज्येष्ठ कृष्ण, अर्ज लिहिणाऱ्यानं तो धरला. आजींच्या घरचं ज्येष्ठ वद्य त्यानंतर महिन्यानं, म्हणजे जूनच्या अखेरीस सुरू झालेलं. मधे 17 जून.

त्या वर्षाची नावांची अनुक्रमणिका वाळवीनं खाल्लेली आहे. जन्म-मृत्यूची रजिस्टरं नियमानं कायमची ठेवायची असतात, ती कधीच नष्ट करता येत नाहीत, म्हणून मूळ वही कापडात बांधून टिकली. अनुक्रमणिकेची तशी काळजी कुणी घेतली नाही. पानं स्कॅन केलेली आहेत, पण स्कॅन म्हणजे नुसतं पानाचं छायाचित्र, त्यात नाव शोधता येत नाही. त्यामुळे पान न् पान वाचावं लागतं.

बस्ता सोडण्याआधी मी आजींना विचारलं, वडील कशानं गेले? कारण एकाच नावाचे दोघे निघतात, आणि एकाची नकल दुसऱ्याच्या वारसाला गेली तर पुढच्या पिढ्या कोर्टात घालवतात.

"मोतीझरा," त्या लगेच म्हणाल्या. म्हणजे टायफॉइड. "मी दहा वर्षांची होते. आईनं मला आत जाऊ दिलं नव्हतं."

नोंद जूनच्या शेवटच्या आठवड्यात सापडली. नाव, वडिलांचं नाव, मोहल्ला, मोतीझरा, सगळं जुळलं. आणि खबर देणाऱ्याच्या रकान्यात त्यांच्या थोरल्या भावाचं नाव, खाली त्याची सही. आता जे मे म्हणत होते त्यांच्याच वडिलांची. आजींनी ती सही ओळखली. दादाचा 'र' असाच, म्हणाल्या.

नकल मिळाल्यावर त्यांनी ती नातवाकडून दोनदा वाचून घेतली. त्यात आजाराचं नाव का नाही, असं विचारलं. 1969 च्या कायद्यात मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना कारण उघड करायचं नाही असं कलम आहे. मी ते समजावलं, त्यांना फारसं पटलं नाही. वाटा मिळेल की नाही ते कोर्ट ठरवेल, आमचं काम वहीत आहे ते जसंच्या तसं देणं.

त्या दिवसापासून तिथी सांगणाऱ्याला मी आधी विचारते, श्राद्ध कुठल्या पंचांगानं करता? आणि उत्तर अर्जावरच लिहून घेते. अनुक्रमणिकाही रजिस्टरांबरोबर कायमच्या वर्गात घालाव्यात, असं टिपण साहेबांकडे दिलंय. मंजुरी यायची आहे. तोवर 1956 ची अनुक्रमणिका मीच नव्यानं लिहायला घेतली आहे. त्यातला जुलै चालू आहे.