तुटली नाही म्हणून नापास

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या आमच्या कारखान्यात रोजचं काम म्हणजे पंपाचे शाफ्ट, व्हॉल्व्हचे स्टेम आणि ट्रॅक्टरचे बुश. मी तिथे क्वालिटी बघतो. २०२४ च्या पावसाळ्यात त्यात एक लहानशी ऑर्डर घुसली: विमान ओढायच्या टो-बारच्या शिअर पिन, म्हणजे ठरलेल्या भाराला तुटणाऱ्या पिना, २४० नग. हवाई दलाच्या तळांना जमिनीवरची सामग्री पुरवणाऱ्या एका पुरवठादाराकडून ती आली होती. त्या वर्षी 'तरंग शक्ती' हा हवाई दलाचा बहुराष्ट्रीय सराव होता. ऑगस्टमध्ये सुलूरला जर्मनी, फ्रान्स, स्पेन आणि ब्रिटनची विमानं आली, नंतर जोधपूरला अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इतर. आमच्या पिना कुठल्या तळावर जाणार हे कागदावर नव्हतं. पाहुण्यांच्या विमानांना लागणार आहेत आणि उशीर चालणार नाही, एवढंच सांगितलं होतं.

परदेशी पथकं बरीचशी अवजारं स्वतःच्या मालवाहू विमानातून आणतात. पण टो-बार लांबलचक आणि अडचणीची वस्तू. यजमानाकडे त्याच जातीचं विमान असेल (सी-१३०जे आपल्याकडे हिंडनला आहेतच) तर त्याचाच बार वापरता येतो. फक्त पिना भरपूर हव्यात, कारण त्या तुटण्यासाठीच बसवलेल्या असतात.

टो-बारचं एक टोक ट्रॅक्टरला आणि दुसरं विमानाच्या पुढच्या चाकाच्या पायाला. ट्रॅक्टरवाल्याने हिसका दिला किंवा चाक मर्यादेबाहेर वळवलं, तर तो भार सरळ त्या पायावर जातो. तो तिथे पोचायच्या आत पिन तुटली पाहिजे. साधारणपणे एक पिन ओढण्या-ढकलण्याच्या भारासाठी असते आणि दुसरी पिळासाठी. पिन तुटली नाही तर पाय तपासायला विमान थांबवावं लागतं, आणि पाहुण्याचा सुटा भाग त्याच्या देशातून यावा लागतो. पिन हवी त्यापेक्षा लवकर तुटली तर धोका वेगळा: ट्रॅक्टर पुढे जातो आणि विमान मोकळं चालत राहतं. म्हणूनच कॉकपिटमध्ये ब्रेकवर माणूस बसवतात आणि ओढायच्या आधी ब्रेकचा हायड्रॉलिक दाब पाहतात. थोडक्यात पिनेला दोन्ही बाजूंनी हद्द असते. आमच्या ड्रॉइंगवर तुटायच्या भाराची हद्द ३३ ते ३९ किलोन्यूटन होती. (मूळ आकडे ग्राहकाचे, ते इथे देत नाही. हिशेब जुळेल असे घेतले आहेत.)

ड्रॉइंग अमेरिकन पद्धतीचं होतं, म्हणजे मापं इंचात आणि प्रोजेक्शन (वस्तूच्या बाजू कागदावर मांडायची पद्धत) थर्ड अँगल. आमच्या पोरांचा हात फर्स्ट अँगलवर बसलेला, त्यामुळे भोकाची बाजू उलटी जाऊ नये म्हणून आधी लाकडाचा नमुना करून घेतला. पिनेचं अंग बारा मिलिमीटरचं, आणि तुटायच्या दोन जागी गळा ०.३१२५ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. मटेरियल एआयएसआय १०४०, आपल्याकडचं ईएन ८, म्हणजे साधं कार्बन स्टील.

ईएन ८ चा तेवढा बार दुकानदाराकडे नव्हता. 'वरचं मटेरियल आहे, तेवढ्याच भावात देतो,' म्हणाला आणि ईएन १९ टी दिलं, म्हणजे मॉलिब्डेनम घातलेलं जास्त कडक स्टील. माल आमच्या गेटवर न येता सरळ उद्यमनगरात जॉबवर्कला गेला, कारण घाई. मागोमाग टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स आली आणि तिच्यावर मात्र ईएन ८ छापलेलं. या झेरॉक्सांबद्दल काय बोलावं! हीट नंबर, म्हणजे स्टीलच्या त्या ओतणीचा क्रमांक, बारच्या टोकाला मारलेला असतो, आणि कापणारा पहिला तुकडा त्याच टोकाचा पाडतो. त्यानंतर कागद आणि लोखंड यांचं नातं कायमचं सुटतं.

पिना तयार होऊन आल्या तेव्हा दिसायला देखण्या होत्या. गळ्याचं माप सगळीकडे अर्ध्या दशांशाच्या (०.०५ मिलिमीटर) आत, कोपऱ्यातली त्रिज्या गुळगुळीत. उद्यमनगरातल्या टर्नरमामांच्या हाताला तोड नाही. कडकपणा मोजायच्या रॉकवेल यंत्रावर ठेवली तर सी स्केलवर २८ आली. नॉर्मलाइज केलेलं (तापवून हवेत थंड केलेलं) ईएन ८ सी स्केलवर धड वाचताच येत नाही. त्याला बी स्केल लावावी लागते आणि ते ८८ च्या आसपास येतं. ग्राइंडरवर ठिणगी पाहिली, तर रेषेच्या टोकाला सुटा भाला दिसला. ती मॉलिब्डेनमची खूण, साध्या कार्बन स्टीलला असा भाला येत नाही.

तरी मालकांना आकडा दाखवायचा म्हणून लॅबमध्ये युटीएमवर (भार देऊन तोडायच्या यंत्रावर) पाच पिना डबल शिअरमध्ये, म्हणजे दोन्ही गळ्यांवर एकदम कापून, तोडल्या. सगळ्या ५५ ते ५७ किलोन्यूटनच्या दरम्यान तुटल्या. हिशेबही तोच सांगतो. ब्रिनेल (कडकपणाचं दुसरं माप) आकड्याला ३.४५ ने गुणलं की ताणबळ येतं, त्याच्या सहा दशांश शिअर धरायचं आणि दोन गळ्यांच्या ९९ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाने गुणायचं. ईएन ८ ला १७५ ब्रिनेल धरलं तर ३६ किलोन्यूटन, ईएन १९ टी ला २७५ धरलं तर ५६. म्हणजे दीडपटीहून जास्त.

आमच्या खरेदीवाल्याला हा दोषच वाटेना. 'मिलिटरीचं काम आहे, दणकट दिलं तर बिघडलं कुठं?' रोटाव्हेटरच्या पीटीओचा (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याचा) शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून हायटेन्साइल बोल्ट ठोकणारे शेतकरी आमच्या भागात गावोगाव आहेत. नंतर गिअरबॉक्स फोडून घेतात आणि कंपनीला शिव्या घालतात. आमचा खरेदीवाला त्यांचाच भाऊ. पण तो एकटा नाही. 'मजबूत' या शब्दापुढे इंजिनिअर लोकसुद्धा विचार थांबवतात, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

खरा पेच त्यानंतर आला. टर्नरमामा म्हणाले, 'साहेब, गळा बारीक करतो की. सहा पॉइंट चौतीसला आणला तर बसतोय का बघा.' त्यांनी कॅल्क्युलेटर न घेता काढलेला आकडा बरोबर होता. ६.३४ ला दोन गळ्यांचं क्षेत्रफळ ६३ होतं आणि भार बरोबर ३६ वर येतो. एका रात्रीत २३५ पिना हद्दीत बसल्या असत्या. मालक खूश झाले. पुरवठादाराचा इंजिनिअरही फोनवर म्हणाला, 'लोड बसतोय ना? मग पाठवा.' हेच मेलवर लिहून द्या म्हटल्यावर मात्र त्यांचा फोन लागेना.

मी नाही म्हटलं. त्या पिना भलत्याच भाराला तुटल्या असत्या असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. कडक स्टील खाचेला जास्त हळवं असतं, गळा बारीक झाला की बुशमधल्या ढिलाईने पिन वाकते, हे सगळं खरं. पण टेस्टला त्या बहुधा पास झाल्या असत्या. माझी हरकत पुढच्या माणसासाठी होती. तळावरच्या स्टोअरमध्ये पिना संपल्या की कुणीतरी एक नमुना उचलून गावातल्या लेथवाल्याकडे देणार. तो गळा मोजणार, ६.३४. मटेरियल विचारणार, तर ड्रॉइंगवर १०४०. तो प्रामाणिकपणे ईएन ८ मध्ये ६.३४ चा गळा पाडणार आणि ती पिन २३ किलोन्यूटनला तुटणार. उतारावर, विमान ओढताना. उलटी भानगडही होऊ शकते: कुणी आमचं ईएन १९ पाहून त्यात ७.९४ चा गळा पाडला, तर पुन्हा ५६. ड्रॉइंग, मटेरियल आणि माप या तिघांतलं एक जरी गुपचूप हललं, तर पिन बरोबर असूनही कागद खोटा ठरतो. आणि तो कागद आपलं लोखंड न ओळखणारे परदेशी मेकॅनिक वाचणार असतात.

नवा माल काढला, तोही सरळ गेला नाही. ईएन ८ चा ब्राइट बार मिळाला, पण तो थंड ओढलेला असल्याने मुळातच कडक. नमुन्याच्या पिना ४३ ला तुटल्या. शेवटी काळा, म्हणजे थंड न ओढलेला बार घेतला, ८५० अंशांवर नॉर्मलाइज करून हवेत थंड केला आणि मग टर्निंग. शिवाय ईएन ८ म्हटलं की झालं असंही नाही. नॉर्मलाइज केलेल्या ईएन ८ ची मान्य कडकपणाची हद्द १५२ ते २०७ ब्रिनेल, म्हणजे आमच्या गळ्याला ३१ ते ४२ किलोन्यूटन. ग्राहकाची हद्द त्याहून अरुंद. म्हणून १६२ ते १८८ मधलेच बार निवडले आणि बाकीचे पंपाच्या कामाला लावले. मापातल्या अर्ध्या दशांशाने भार जेमतेम अर्धा किलोन्यूटन हलतो, कडकपणातल्या वीस अंकांनी चार. लेथवाल्याला मायक्रोमीटर घेऊन धारेवर धरणारे इन्स्पेक्टर हा हिशेब एकदा तरी मांडत असतील का, कोण जाणे.

माल उशिरा गेला आणि बिलातून रक्कम कापली गेली. मालक अजून म्हणतात, 'भार बसत होता.' टर्नरमामांचा प्रश्न त्याहून अवघड आहे: 'ग्राहकाला ३६ ला तुटायला पाहिजे, तर ड्रॉइंगवर भार लिहा की. मटेरियल कशाला बांधताय?' भारावर पास करायचं तर प्रत्येक लॉट तोडून बघावा लागेल, असं मी त्यांना सांगितलं. 'मग बघा तोडून. पाच पिनांनी काय होतंय?' याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आपण तोडून बघू, नमुन्यावरून करणारा पुढचा बघेलच असं नाही, एवढंच मी म्हणू शकतो. आणि तो पुढचा माणूस मीच कल्पनेत उभा केलेला आहे, हेही मामांनी ऐकवलं.

उरलेल्या २३५ पिना मालकांना भंगारात अख्ख्या विकायच्या होत्या, किलोला दोन पैसे जास्त मिळतात म्हणून. मी त्या बँडसॉवर मधोमध कापून दिल्या. आता बार आला की गेटवरच ठिणगी आणि कडकपणा बघायचा आणि दोन्ही टोकांना रंग मारायचा, असं ठरलं आहे. घाईचा माल अजूनही अधूनमधून सरळ उद्यमनगरात जातो.