कागद वाचायचा वर्ग: आमची वाटचाल

ठाण्यातल्या किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर या पट्ट्यात आम्हा नणंद-भावजयींना ‘हिशेबवाल्या ताई’ म्हणतात. खरं तर हिशेब आम्ही फारसा शिकवत नाही, तो लोकांना येतो. तुटपुंज्या पगारात चार माणसांचं घर चालवून, गावी सणाला पैसे पाठवून, वर भिशीही भरणाऱ्या बाईला ‘खर्च लिहून ठेवत जा’ असं सांगायला जाणं हा आगाऊपणा झाला. आमचा धंदा कागदाचा आहे. पासबुक, कर्जाचं मंजुरीपत्र, पगाराची स्लिप, घरभाड्याचा करार, विजेचं बिल हे कागद सही करण्याआधी, पैसे देण्याआधी कसे वाचायचे, ते आम्ही शिकवतो.

मी एका पतसंस्थेत कर्जविभागात होते. वहिनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पगारपत्रकं करायच्या. एमआयडीसीची राज्यातली ही पहिली वसाहत, साठच्या दशकातली. आता जुनी धुराडी जाऊन तिथे काचेच्या इमारती आणि कॉल सेंटरं आली आहेत. वहिनींचा कारखाना त्यातच गेला आणि त्या घरी बसल्या. तरी धंदा काढायचं दोघींच्याही डोक्यात नव्हतं.

निमित्त झालं नोटाबंदीचं. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर आमच्या चाळीतल्या बायका एकेक करून माझ्याकडे यायला लागल्या, कारण मी ‘बँकेतली’. पतसंस्था आणि बँक यांत फरक करण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. तांदळाच्या डब्यातले, साडीच्या घडीतले, देव्हाऱ्याखालचे पैसे बाहेर आले. एकेकीची पुंजी बघून मीच चाट पडले. जनधनची खाती बहुतेकींची होती, पण पासबुक नवऱ्याच्या कागदांखाली आणि भरणा स्लिप कधी हातात घेतलेली नाही. डिसेंबर संपेपर्यंत आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी स्लिपा भरायचं काम चाललं. त्यातल्याच एकीने नंतर विचारलं, “ताई, आता बाकीचं पण शिकवा की.”

पुढच्या वर्षी शॉप अ‍ॅक्टची नोंद करून गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाची खोली संध्याकाळपुरती भाड्याने घेतली. फी पहिल्या दिवसापासून ठेवली, थोडी का होईना. यावरून आम्हाला बोलणीही खावी लागली. गरिबांकडून पैसे कसले घेता, वगैरे. पण फुकटच्या वर्गाला माणूस पाऊस आला की येत नाही. पैसे भरलेली बाई छत्री घेऊन येते आणि समजलं नाही तर दोनदा विचारते.

पहिला धडा पासबुकाचा, तो आजही तसाच आहे. प्रत्येकाने आपलं पासबुक छापून आणायचं आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायची. मे-जूनच्या सुमाराची ४३६ रुपयांची नोंद हमखास निघते. ‘बँक दरवर्षी पैसे कापते’ ही तक्रार आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की आता ती ओळ आम्हीच शोधायला सांगतो. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता असतो आणि २० रुपये गेले असतील तर ते सुरक्षा विम्याचे. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. खातं उघडताना फॉर्मवर सही झालेली असते, घरात मात्र पत्ता नसतो. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी वर्गानंतर घरी जाऊन वारलेल्या नवऱ्याचं पासबुक काढलं. चारशे छत्तीसची नोंद होती. बँकेने आधी हेलपाटे घालायला लावले, पण पैसे मिळाले.

पतसंस्थेत असताना मला सगळ्यात जास्त जामीनदारांचा कळवळा यायचा. कर्ज घेणारा गावी पळालेला, आणि ज्याने फक्त भिडेखातर सही केली त्याच्या पगारातून वसुली चाललेली. ‘मी फक्त सही केली’ हे वाक्य वसुलीच्या टेबलावर चालत नाही. कायद्याने जामीनदाराची देणेदारी कर्जदाराइतकीच असते. आपल्याकडे भीड भिकेची बहीण म्हणतात ते सगळ्यांना पाठ असतं, पण चुलतदीर दारात उभा राहिला की आठवत नाही. म्हणून वर्गात आम्ही चक्क नाटक बसवतो. वहिनी दीर होतात, गयावया करतात, मग रुसतात, मग ‘एवढाच विश्वास का?’ म्हणतात. समोरच्या बाईने नाही म्हणायचं. सुरुवातीला हशा पिकतो. तिसऱ्या-चौथ्या बाईपर्यंत कोणी हसत नाही, कारण वहिनींचे संवाद सगळ्यांनी आपापल्या घरी ऐकलेले असतात. सर्वात कामाला आलेलं उत्तर एका भाजीवालीचं: “भाऊजी, दोन हजार आत्ता देते, परत नाही दिलेत तरी चालतील. सही मात्र नाही.”

रिक्षावाल्यांची बॅच हा माझा आवडता प्रकार. तोंडी हिशेबात ही मंडळी मला मागे टाकतात. एकदा फळ्यावर लिहिलं: कर्ज ६०,०००, व्याज १२ टक्के फ्लॅट (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच), मुदत दोन वर्षं, हप्ता ३,१००. एक काका लगेच म्हणाले, “वर्षाचे सात हजार दोनशे, दोन वर्षांचे चौदा हजार चारशे. बरोबर आहे की ताई.” मी म्हटलं, दर महिन्याला मुद्दल किती फिटतं? अडीच हजार. मग शेवटचा हप्ता भरायच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे कंपनीचे किती उरलेत? अडीच हजार. आणि त्या महिन्याचं व्याज किती घेतलं? काका उठून फळ्यापाशी आले, बोटाने आकडे धरत म्हणाले, “सहाशे. अडीच हजारावर महिन्याला सहाशे?” खोली एकदम गप्प. घटत्या शिलकेवर, म्हणजे जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच हिशेब केला तर हे कर्ज वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने बँका आणि फायनान्स कंपन्यांना अशा कर्जांसोबत एक तपशीलपत्रक देणं बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहायचा असतो, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. आमच्या रिक्षावाल्यांना त्या पत्रकाचं नाव आठवत नाही. ते काउंटरवर ‘खऱ्या दराचा कागद द्या’ म्हणतात, आणि तेवढ्याने काम होतं.

हेही सांगते, कारण मी तिथलीच: पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमासंरक्षण नसतं. हे वर्गात बोलते म्हणून काही जुने सहकारी माझ्याशी बोलत नाहीत.

पोट भरतं ते मात्र वहिनींच्या वर्गावर. वागळे इस्टेटमधल्या आणि घोडबंदर रोडवरच्या काही लहान कंपन्या नव्या कामगारांना पगाराची स्लिप समजावून द्यायला आम्हाला बोलावतात आणि वेळेवर पैसे देतात (म्हणजे पाठपुरावा केल्यावर). एका ठिकाणी पॅकिंगमधल्या मुली स्लिपा घेऊन बसल्या होत्या. वहिनींनी एकीची हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, “तुझा व्यवसाय कर का कापलाय?” महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. संगणकात जुनाच तक्ता होता, सगळ्याच मुलींचे दोनशे रुपये जात होते. मालकांनी दुरुस्ती केली, मागचे पैसेही परत दिले. आम्हाला मात्र तिथून पुन्हा बोलावणं आलेलं नाही.

विमा आणि म्युच्युअल फंडवाले सुरुवातीपासून मागे आहेत. वर्गाच्या शेवटी दहा मिनिटं द्या, फॉर्म भरून घेऊ, कमिशन तुमचं. लॉकडाऊनमध्ये खोली बंद आणि भाडं चालू अशी अवस्था होती तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या की एकदा विचार करूया. विचार केला, आणि नको म्हणून सांगितलं. एकदा फॉर्म पुढे केला की ‘हिशेबवाल्या ताई’ची एजंट ताई होते. शिवाय पैसे घेऊन अमुक फंडात गुंतवा असा सल्ला द्यायचा तर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही. ते दिवस आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आवाजी संदेशांवर आणि वहिनींच्या लोणच्यावर काढले.

दहावी-बारावीनंतरच्या मुलांची बॅच उन्हाळ्यात असते. यांना फोनवरून पैसे पाठवायला शिकवावं लागत नाही, अर्ज लिहायला शिकवावं लागतं. सरकारी कार्यालयात जाताना अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक आवक खिडकीवर द्यायची, दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का मारून पोच घ्यायची. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. वर्गात वहिनी पुन्हा नाटकात, यावेळी खिडकीमागच्या बाईच्या भूमिकेत, आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ हे त्या इतकं झकास म्हणतात की मुलं टाळ्या वाजवतात. त्याच आठवड्यात मीटर वाचायला शिकवतो आणि गॅसचा वास आला तर बटण न दाबता खिडक्या उघडून १९०६ ला फोन कसा करायचा ते करून दाखवतो. मुलगे पोळी करायलाही शिकतात. तो तास मोफत आहे आणि सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच येतात, आयांकडून नव्हे, आज्यांकडून.

सध्या ज्येष्ठांच्या वर्गाला मागणी वाढली आहे. नौपाड्यातल्या सोसायट्यांमधून फोन येतात: पोलिसांच्या वेशातला माणूस व्हिडिओवर दिसला, ‘डिजिटल अटक’ झाली, मुदतठेव मोडली. असली अटक कायद्यात नाही आणि पैसे गेलेच तर पहिल्या तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करायचा, हे कागदावर मोठ्या अक्षरात छापून आम्ही फोनशेजारी चिकटवायला देतो. या सोसायट्या फी चांगली देतात. त्यातून किसननगरच्या खोलीचं भाडं निघतं.

पुढची बायकांची बॅच जुलैत आहे. ऑगस्टपासून खोलीत मंडळाचं डेकोरेशनचं सामान येतं आणि विसर्जनापर्यंत आम्हाला जागा नसते, म्हणून ती सहा आठवड्यांची न ठेवता चारच आठवड्यांत उरकायची आहे. येताना पासबुक छापून आणा.