तुम्ही विचारलंत म्हणून: आपला आमदार हद्दवाढीच्या कुठल्या बाजूला?

सकाळी कळंबा तलावावर फिरायला गेलो की कुणीतरी हमखास गाठतं. "काका, जन्मभर कोल्हापूर महापालिकेचा घरफाळा वसूल केलासा आणि घर मात्र हद्दीबाहेर पाचगावात बांधलंसा. मग हद्दवाढ व्हावी का नको? आणि आपला आमदार नक्की कुणाच्या बाजूचा हाय?" हद्दवाढ म्हणजे शहराभोवतीची गावं महापालिकेत घेणं. चालता चालता हे सांगायचं तर दम लागतो. म्हणून बसून लिहितोय.

घराचं सोपं आहे. शहरात एक गुंठा आला असता तेवढ्या पैशात इथं दोन आले. फाळाही कमी. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर धरायला पळावं लागतं, हे वास्तुशांत झाल्यावर कळलं.

आमदाराचं मात्र जरा गुंत्याचं आहे. कोल्हापूरची महापालिका १९७२ सालची. त्यानंतर पन्नास वर्षं उलटली तरी हद्द जागची हलली नाही. शहर वाढलं ते पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव असं हद्दीबाहेर. महापालिका ठराव करते, प्रस्ताव मुंबईला जातो, गावं बंद पुकारतात, फाईल झोपते. २०१७ साली शासनानं मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं विकास प्राधिकरण काढलं. म्हणजे गाव गावच राहिलं, वर आणखी एक कचेरी आली.

आता मतदारसंघ बघा. २००८ च्या फेररचनेत 'कोल्हापूर दक्षिण' झाला. त्यात शहराचा काही भाग आणि भोवतीची गावं एकाच पिशवीत. शहरातला मतदार म्हणतो हद्द वाढवा, गावातला म्हणतो फाळा वाढेल, शेतीवर आरक्षणं पडतील. दोघांचीही मतं एकाच मशिनमध्ये. तुम्ही उभे राहिलात तर काय बोलाल? 'ग्रामस्थांना विश्वासात घेऊन निर्णय व्हावा.' हे वाक्य मी इतक्या पक्षांच्या इतक्या माणसांच्या तोंडून ऐकलंय, की ते कुणाचं म्हणून सांगू?

सतेज पाटलांचंच घ्या, कारण विचारणारे त्यांचं नाव हटकून काढतात. २००४ ला करवीरमधून अपक्ष आमदार. २००९ ला नव्या दक्षिणमधून, मग राज्यमंत्री. २०१४ ला अमल महाडिकांकडून पराभव. पण २०१५ च्या अखेरीस अमल यांचे वडील महादेवराव महाडिक यांनाच हरवून ते विधान परिषदेवर गेले. दक्षिणमध्ये २०१९ ला त्यांचे पुतणे ऋतुराज आले, २०२४ ला पुन्हा अमल. दोन घरांतली ही कुस्ती लोक चवीनं बघतात. मला त्यातला वेगळाच भाग मजेचा वाटतो. विधान परिषदेच्या त्या जागेला मतदार कोण? महापालिका-नगरपालिकांचे नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती. गावं शहरात गेली की झेडपीच्या जागा कमी होऊ शकतात. म्हणजे मतदारसंघ बदलला तरी माणूस त्याच कुंपणावर बसलेला!

म्हणून ते भक्कमपणे उभे राहिले कुठं, ते बघायचं. काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनवर. धरणातून पन्नासावर किलोमीटर नळ टाकून शहराला पाणी आणायचं. कामाला तारखांवर तारखा पडल्या, लोकांनी टिंगल केली, अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळीच्या तोंडावर पाणी आलं. पाण्याला विरोध करणारा मतदार अजून जन्माला यायचाय. त्यांचं श्रेय कमी करत नाही. एवढी वर्षं एकाच कामाला चिकटून राहणं सोपं नाही. पण हद्दवाढीवर राजकीय पत पणाला लावणारा मला कुठल्याच पक्षात दिसला नाही.

कायदा म्हणाल तर हद्द बदलायचा अधिकार शासनाचा. आधी अधिसूचनेचा मसुदा, मग हरकती, मग अंतिम आदेश. विधानसभेत त्यावर हात वर करायची वेळच येत नाही, म्हणून आमदाराचं मत नोंदलंही जात नाही. कारकून म्हणून सांगतो, ज्या कागदावर सही लागत नाही तो कागद सगळ्यांना आवडतो.

मी स्वतः? गेल्या खेपेला विरोधाच्या सह्या गोळा करत पोरं दारात आली. सौ.नी लगेच सही ठोकली. माझ्यापुढं वही आल्यावर मी म्हटलं, "थांबा, चष्मा आणतो," आणि आत गेलो. पोरं दहा मिनिटं थांबली होती म्हणे.