तुम्ही विचारलंत म्हणून: ज्यांचे शब्द अडतात, त्यांना कॉम्प्युटर कसा शिकवता?

ठाण्यात आमच्या वर्गाबाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक हमखास विचारतात, "स्ट्रोकनंतर ह्यांना धड बोलता येत नाही, नाव लिहिता येत नाही. ते कॉम्प्युटर कसा शिकणार? आणि तुम्ही शिकवणारेही अपंग, तुमच्यातल्या एकांना तर हाच त्रास. मग तुम्ही समजावून सांगता तरी कसं?"

समजावून सांगणं आमच्या वर्गात फार थोडं असतं. बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या बाजूला चालतं. तिथला रक्तपुरवठा तुटला की वाचाघात होतो: शब्द सापडत नाहीत, ऐकलेलं वाक्य अर्धंच पोचतं, वाचता-लिहिताना अक्षरं हुलकावणी देतात. शरीराची उजवी बाजूही मेंदूच्या डाव्या भागाच्याच ताब्यात असते, म्हणून बरेचदा उजवा हात जातो. पण पाहून ओळखणं, जागा लक्षात ठेवणं, आपल्याला काय हवंय ते कळणं हे पुष्कळदा शाबूत असतं. शिकवणं त्याच्यावरच उभं करायचं.

सुरुवात टेबलापासून. खुर्ची हात असलेली आणि बिनचाकांची. लुळा उजवा हात खाली लोंबकळू द्यायचा नाही, खांद्याचा सांधा ओढला जातो. टेबलावर घडी घातलेल्या टॉवेलवर तो टेकवायचा. कीबोर्ड आणि फोनखाली ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळी ठेवायची, नाहीतर एका हाताने दाबताना वस्तू सरकते. माउस डावीकडे. सेटिंग्जमध्ये त्याचं मुख्य बटण उजवं केलं की डाव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली नेहमीचं क्लिक येतं. मात्र मग "लेफ्ट क्लिक करा" हे शब्दच खोटे ठरतात, म्हणून त्या बटणावर हिरवी टिकली चिकटवतो आणि टिकलीकडे बोट दाखवतो.

काहींना उजवीकडचं दिसतच नाही. डोळे चांगले असतात, पण नजरेचा उजवा अर्धा भाग मेंदूपर्यंत पोचत नाही. अशा माणसाला ओळीचा शेवट सापडत नाही, आणि खिडकी बंद करायची फुली वरच्या उजव्या कोपऱ्यात असते हे त्याच्या गावीही नसतं. घरचे समजतात, विसरले. स्क्रीनच्या उजव्या कडेला लाल चिकटपट्टी उभी लावा आणि प्रत्येक ओळ वाचताना नजर त्या पट्टीपर्यंत न्यायची सवय लावा. खिडकी अरुंद करून डावीकडे सरकवली तर आणखी सोपं.

धडा आम्ही उलटा शिकवतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवायला साधारण सहा पायऱ्या लागतात. पहिल्या पाच आम्ही करून देतो, शिकणारा फक्त शेवटचा हिरवा बाण दाबतो आणि फोटो जातो. पुढच्या वेळी शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. दर वेळी काम पूर्ण होऊनच थांबतं. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर तिसरीवर अडकतो आणि चुकीचीच वाट हाताला बसते. वाचाघातात चूक शब्दांनी पुसता येत नाही, म्हणून ती घडूच न देणं बरं.

सोबत कागद हवा. एका ए-फोर कागदावर जास्तीत जास्त सहा चित्रं, प्रत्येकाला मोठा आकडा आणि एकच शब्द. चित्रं त्याच माणसाच्या फोनचे स्क्रीनशॉट असावीत. मुलाच्या फोनवर रंग आणि जागा वेगळ्या असतात. इथे एक गोष्ट हमखास बिघडते. रात्रीत अ‍ॅप अपडेट होतं, बटण हलतं आणि महिन्याचा कागद निकामी होतो. म्हणून प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपपुरतं आपोआप अपडेट होणं बंद करतो आणि ठरलेल्या दिवशी वर्गात बसून अपडेट करतो, कागदासकट. बँकेच्या अ‍ॅपचं मात्र अपडेट कधीच रोखू नका.

आता मराठी टायपिंग, कारण खरी गाठ इथे आहे. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणं सगळ्यांना सोपं वाटतं, पण वाचाघातात ते दुप्पट ओझं होतं: आधी शब्दाचे ध्वनी सुटे करायचे, मग त्यांना इंग्रजी अक्षरं शोधायची. इन्स्क्रिप्ट ह्या देवनागरी कीबोर्डमध्ये जे अक्षर हवं तेच बटणावर असतं, म्हणून आम्ही स्टिकर लावून इन्स्क्रिप्ट देतो. सुरुवातीला फक्त स्वतःच्या नावातल्या अक्षरांचे स्टिकर. ह्यात स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे असतात, त्यामुळे डाव्या हाताला अख्खा कीबोर्ड ओलांडावा लागतो. आकड्यांचा वेगळा भाग नसलेला आखूड कीबोर्ड घ्या. 'ख', 'घ', 'भ' यांना शिफ्ट लागते. एका हाताने दोन बटणं एकदम धरायला नकोत म्हणून शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू करायचं. मग आधी शिफ्ट, नंतर अक्षर. पण शेजारी बसलेल्या मुलीने मदत म्हणून दोन बटणं एकदम दाबली की ही सोय सहसा आपोआप बंद होते, आणि वडिलांना वाटतं आपलंच काही चुकलं.

सगळ्यात जास्त गोंधळ पहिल्या वेलांटीचा. 'कि' लिहिताना हातानं वेलांटी आधी काढायची सवय. कीबोर्डवर मात्र आधी 'क', मग वेलांटी. ती टाईप होते नंतर आणि दिसते आधी. ज्याची अक्षरांवरची पकड आधीच सैल झालीय, त्याला हे चूकच वाटतं, तो पुसून पुन्हा लिहितो. ज्यांच्या नावात पहिली वेलांटी आहे त्यांच्यासाठी हा वेगळा धडा ठेवावा लागतो. घ-ध आणि भ-म ह्या जोड्याही एका दिवशी घेत नाही.

"बोलून टाईप करू दे ना" असंही सुचवलं जातं. अडखळत बोलणाऱ्याच्या मधल्या शांततेत माइक बंद होतो. भराभर पण चुकीचे शब्द बोलणाऱ्याचं वाक्य फोन नीटनेटकं करून दाखवतो, आणि चूक झाकली जाते. त्यापेक्षा व्हॉइस मेसेज, फोटो आणि लोकेशन पाठवणं आधी शिकवा.

अजून एक कळकळीचं. तीस वर्षं ऑफिसात इंग्रजी विंडोज वापरलेल्या माणसाचा कॉम्प्युटर मायेपोटी मराठी करू नका. त्याला 'सेव्ह' हा शब्द वाचता येत नसेलही, पण त्याचा आकार आणि जागा ओळखीची असते. 'जतन करा' त्याला परकं असतं.

आकडेही भाषाच. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. चार-चारचे तीन गट करून, बाकीचे झाकून, एकेक गट टाकायचा. ऐकलेला ओटीपी तर निसटतोच, म्हणून तो मेसेजमधून आपोआप भरला जाईल असं करून घ्या. यूपीआयसाठी थोडीच रक्कम असलेलं वेगळं खातं ठेवा. पैसे मिळवायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, हे चित्राच्या कार्डावर रोज दाखवतो. फसवणूक झाली तर 1930 ह्या सायबर हेल्पलाइनवर बोलावं लागतं, आणि शब्द नसलेल्याला तेच जमत नाही. घरातल्या कुणाला आणि कसा निरोप द्यायचा, तो मेसेज आधीच लिहून फोनमध्ये ठेवा.

शिकवणारे अपंग का, ते आता सांगतो. एका वेळी दोघे शिकवतात: वाचाघात असलेला हातानं करून दाखवतो, व्हीलचेअरवरचा कागद आणि वेळ सांभाळतो. ज्याला स्वतःला शब्दासाठी थांबावं लागतं, तो दुसऱ्यासाठीही थांबतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे, हा आमचा नियम धडधाकट मदतनिसांना पाळणं जड जातं; तिसऱ्या आकड्याला त्यांचा हात माउसवर येतो. शिवाय वाचाघातात तोंडून 'हो' निघतं आणि मनात 'नाही' असतं. आम्ही डावीकडे बरोबर-चूकची कार्डं ठेवून दुसऱ्यांदा विचारतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वात वाचाघाताचा उल्लेख आहे, तो कायमचा राहिला तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा. स्पीच थेरपी चालू असेल तर ती सोडू नका, वर्ग तिच्या जागी नाही.

वर्ग साडेअकराचा ठेवलाय, तोवर लोकलची गर्दी उतरते. पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन भाग, मधे पाणी. पंखा हळू, खिडकी बंद, एका वेळी एकच माणूस बोलणार. येताना त्यांचाच फोन, चार्जर आणि चष्मा आणा. आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.