चेक केलाय की बनवलाय?

ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसात ग्राहक येत नाहीत, त्यांच्या अर्जांचे स्कॅन येतात. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म शाखेत भरला जातो, आमच्याकडे मेकर तो टाइप करतो आणि चेकर ताडून पाहून सोडतो. मी चेकर. स्विफ्ट कोड म्हणजे परदेशी बँकेची ओळख; त्या रकान्यात लोक हमखास आयएफएससी, म्हणजे आपल्याकडच्या शाखेचा कोड, लिहितात. आयएफएससी अकरा अक्षरांचा, स्विफ्ट आठ किंवा अकरा अक्षरांचा, त्यामुळे चौकोनांत बरोब्बर बसतो आणि शाखेतही कुणाला खटकत नाही.

आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीने लिहिलेला बँक खाते क्रमांक. तो आपल्या देशात नाही, म्हणून शाखेतल्यांना तो नुसता लांबलचक खाते क्रमांक वाटतो. जर्मनीचा २२ अक्षरांचा असतो: डीई, दोन तपास-अंक, ८ आकडी बँक कोड, १० आकडी खातं. खरी करामत त्या दोन तपास-अंकांची. पहिली चार अक्षरं उचलून शेवटी न्यायची, अक्षरांचे आकडे करायचे (ए म्हणजे १०, झेड म्हणजे ३५, म्हणून डीईचे होतात १३१४) आणि त्या अगडबंब संख्येला ९७ ने भागायचं. बाकी १ उरली की घडण बरोबर. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, तरी बाकी बिघडते. नव्या पोरांना मी हा भागाकार कागदावर करून दाखवते. ती मोबाईल बघत बसतात.

ऑक्टोबरातली गोष्ट. ठाण्याच्या एका शाखेतून फाईल आली. वडील पाठवणार, मुलगा जर्मनीत शिकायला, घरमालकिणीला डिपॉझिट १३५० युरो, म्हणजे तीन महिन्यांचं भाडं. आयबॅन नापास झाला, मी फाईल परत पाठवली. असं दिवसातून चार-पाचदा होतं.

दोन तासांनी तीच फाईल पुन्हा माझ्या रांगेत. या वेळी हिरवी टिक, म्हणजे आयबॅन पास. कट-ऑफला, म्हणजे त्या दिवशी पैसे पाठवायची वेळ संपायला, वीस मिनिटं होती आणि बोट बटणावर होतं. सहज म्हणून जुना स्कॅन शेजारी उघडला. बँक कोड तोच, खातं तेच. बदलले होते फक्त ते दोन तपास-अंक.

माणूस लिहिताना चुकतो तेव्हा कुठलाही आकडा चुकू शकतो, हे मान्य. पण नेमके दोन्ही तपास-अंकच चुकले आणि बाकीचे अठरा आकडे शाबूत? मी शाखेत फोन लावला.

“मॅडम, आयबॅन व्हॅलिड आहे, मी स्वतः चेक केलाय.”

“चेक केलाय की बनवलाय?”

पलीकडे शांतता. मग कळलं, त्याने बँक कोड आणि खाते क्रमांक एका वेबसाइटवर टाकून नवा आयबॅन तयार करून घेतला होता. वाईट हेतू अजिबात नाही. काका सकाळपासून समोर बसले होते, त्यांचं काम व्हावं म्हणून. पण चुकीच्या खात्यावरून काढलेले तपास-अंक त्या चुकीच्या खात्यासाठी अगदी बरोबरच येतात. मॅनेजर फोनवर आले तर म्हणे, “सिस्टीम घेतेय ना, मग तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?” या एका वाक्यावर आमची निम्मी बँक चालते.

मूळ कागद मागवला. मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो, भाडेकराराच्या शेवटच्या पानावर मालकिणीने निळ्या शाईत स्वतः लिहिलेला आयबॅन. जर्मन माणसं इंग्रजी एक लिहिताना वरून लांब तिरपी रेघ ओढतात, आपल्याला तो सरळसरळ सात दिसतो. त्यांच्या साताच्या पोटात आडवी रेघ असते. काकांनी उतरवलेल्या खात्यात दोन सात होते. फोटोत पोटात रेघ एकाच्याच. दुसऱ्याच्या जागी एक घातला, मूळ तपास-अंक ठेवले, भागाकार केला. बाकी १.

उत्तर माझ्यासमोर होतं आणि मला ते भरता येत नव्हतं. चेकरने ग्राहकाचा आकडा दुरुस्त करायचा नसतो; हा नियम योग्य आहे, त्या दिवशी मात्र चीड आली. मुलगा लेक्चरला. तिथे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. त्याने टाइप केलेला आयबॅन पाठवला तोवर कट-ऑफ उलटला होता. चुकलेला आकडा एकच होता. पैसे दुसऱ्या दिवशी गेले.

तसे सोडले असते तर बहुतेक परत आले असते, चार्जेस कापून. पण त्या क्रमांकाचं खातं खरंच कुणाचं असतं, तर तिथली बँक क्रमांक बघते. मालकिणीचं नाव जुळतं का हे पाहण्याची तिच्यावर सक्ती नाही. युरो चलन असलेल्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून नाव-पडताळणी बंधनकारक झाली खरी, पण ती त्यांच्या आपसातल्या युरो व्यवहारांपुरती. ऐरोलीतून निघालेल्या पैशाला तिचा उपयोग नाही. आणि गेलेला पैसा परत मागायचा तर ज्याच्या खात्यात पडला त्याचीच परवानगी लागते.

परत आलेली फाईल मोकळ्या असलेल्या कुठल्याही चेकरकडे जाते. ती माझ्याकडेच आली, कारण शेजारचा चहाला गेला होता. त्याच्यापुढे फक्त हिरवी टिक आली असती, जुना स्कॅन त्याने का उघडावा?

नापास होऊन पुन्हा आलेल्या आणि नुसते तपास-अंक बदललेल्या फाईलींची तीन महिन्यांची यादी मी मागितली आहे. अजून आलेली नाही.