मुंग्यांची केस

उशीच्या खोळीवर तांबूस ठिपके दिसायला लागून दोन दिवस झाले होते. बायकोच्या मते डास. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला मी मोबाइलचा टॉर्च लावून गादीची गोट उलटली, आणि शिवणीत तो बसलेला दिसला. मसुराएवढा, चपटा, चिंचोक्याच्या रंगाचा. पस्तीस वर्षांनी भेट होत होती, पण ओळख पटायला क्षणही लागला नाही. तरी खात्री म्हणून नखाखाली चिरडला आणि वास घेतला. कोथिंबिरीची जुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवस कोंडून ठेवली की येतो, तोच वास. कोथिंबिरीचं इंग्रजी नाव ग्रीकांच्या ढेकणावरून पडलं म्हणतात. ही माहिती मी घरात अजून कुणाला दिलेली नाही, कोशिंबीर बंद होईल.

लालबागच्या चाळीत आमचं लहानपण गेलं. तिथे उन्हाळ्यातल्या रविवारी सकाळी ढेकणांचा कार्यक्रम असायचा. लोखंडी खाट गॅलरीत उभी केली जाई. आई बंबातलं उकळतं पाणी तांब्याने तिच्या सांध्यांत ओते आणि आम्ही पोरं आईच्याच केसांतले आकडे घेऊन बिजागऱ्या आणि फटी कोरत बसायचो. शेजारी वाटीत रॉकेल. निघाला की वाटीत. शेजारच्या खोलीतला बंड्या मोजून आकडा ओरडायचा, आम्ही आमचा ओरडायचो. गाद्या गच्चीवर, कोण कोणाची उचलून आणतंय याचा पत्ता नाही. रात्री खाटेचे पाय पाणी भरलेल्या डब्यांत. मग ढेकूण भिंतीवरून छतावर जाऊन तिथून अंगावर पडतात, असं आजी शपथेवर सांगायची. भिंतीवर चिरडलेल्या ढेकणांच्या तपकिरी रेघा असायच्या, त्या दिवाळीच्या चुन्यातूनही वर यायच्या. एका खोलीत औषध मारलं की सगळे भिंतीपलीकडे मुक्कामाला जायचे, तिथे मारलं की परत. त्यामुळे ढेकूण कुणा एकाचे नव्हतेच. चाळीचे होते, नळाच्या पाण्यासारखे.

मग ते गेले. निदान मला तसं वाटलं. जगाला तर त्याच्याही आधी वाटलं होतं. डीडीटीने किडे मरतात हे 1939 साली ज्याने शोधलं, त्या पॉल म्युलरला 1948 साली नोबेल मिळालं. पण 1947 सालीच हवाई बेटांवर पर्ल हार्बरच्या बराकींतले ढेकूण डीडीटीला दाद देईनासे झाले होते. नोबेलच्या एक वर्ष आधी! पुढे नवनवी औषधं आली, त्यांनाही ते सरावले. माणूस विमानाने हिंडायला लागला, तसे तेही बॅगेतून हिंडायला लागले. 2023 च्या शरदात पॅरिसमध्ये मेट्रोच्या आणि थिएटरच्या सीटवर बसायला लोक घाबरत होते. तेव्हा मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये चहा पीत ती बातमी वाचून हसलो होतो.

आमच्याकडे ते लेकीच्या हॉस्टेलच्या बॅगेतून आले असावेत. ती म्हणते, घरातूनच तिकडे गेले असतील. हा वाद मिटणारा नाही.

खरी गंमत पुढे आहे. ढेकूण सापडल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर खिडकी लावून घेतली. गादी बाल्कनीत टाकायची नाही, समोरच्या इमारतीतून दिसते. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावला तोही बाथरूममधून. विचारलं, "तुमच्या गाडीवर नाव लिहिलेलं असतं का?" तो हसला. "सगळे हेच विचारतात, साहेब. मी बाइकवर येतो. वरून जॅकेट घालतो." गेटवर वॉचमनच्या वहीत कामाच्या रकान्यात काय लिहू, हेही त्यानेच विचारलं. मी म्हटलं, मुंग्या.

आईला सांगितलं तेव्हाही माझा आवाज आपोआप उतरला. ती डोंबिवलीहून ओरडली, "अरे, ढेकूणच ना? मग एवढं हळू काय बोलतोस? मला वाटलं रिपोर्टात काय निघालं!" मग तिने बंबाची चौकशी केली. बंब कुठला, आमच्याकडे गीझर.

खरं तर लाजायचं कारण नाही. ढेकूण घाणीवर जगत नाही, रक्तावर जगतो. लख्ख फरशी आणि कळकट खोली त्याला सारखीच. तो रोग पसरवतो असंही सिद्ध झालेलं नाही. अंड्यातून बाहेर पडल्यावर पाच वेळा कात टाकतो, दर वेळी त्याला एक पोटभर जेवण लागतं, आणि जेवण नाही मिळालं तर महिनोन्‌महिने उपाशी दबा धरून बसतो. हे सगळं वाचून मला पाठ झालं. तरी समोरच्या काकूंनी "कसला वास येतोय हो?" विचारल्यावर तोंडातून मुंग्याच बाहेर पडल्या.

अंडी औषधाला पुरून उरतात म्हणून पंधरा दिवसांनी पेस्ट कंट्रोलवाला दुसरा हात मारायला आला. काम झालं, पैसे दिले, त्याने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. मी लिफ्टपर्यंत सोडायला गेलो आणि खाली जायचं बटण दाबलं.

"वरचं दाबा साहेब," तो म्हणाला, "सहाव्या मजल्यावर पण मुंग्यांचीच केस आहे."