तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं लिहून तुला मिळतं काय?

हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, ऑफिसातले विचारतात, जुन्या मैत्रिणी विचारतात, आणि हल्ली तर ओळख झाल्या झाल्या नवीन माणसंही विचारायला लागलीयेत. पुस्तक आलेलं नाही, नाव झालेलं नाही, चार-दोन कथा इकडेतिकडे छापून आल्यात, त्यातल्या एकीचं मानधन आलं आणि बाकीच्यांचा नुसता अंक घरी आला, मग रोज पहाटे उठून बसतेस कशाला, मिळतं काय? खवचटपणे विचारतात असं नाही, बहुतेकांना खरंच कुतूहल असतं. अशा वेळी 'समाधान मिळतं' म्हणून विषय संपवणं सगळ्यात सोपं. पण समाधान म्हणाल तर ते फारच क्वचित मिळतं, चिडचिड जास्त मिळते. तेव्हा एकदा नीटच उत्तर देते, जरा लांबेल, चालवून घ्या.

आधी दिवस कसा जातो ते. घर जागं व्हायच्या आधीचा तास-दीड तास, एवढीच माझी लिहायची वेळ. त्यानंतर घरातलं सगळं, मग ऑफिस, तिथे हिशेबाचं काम, आणि रात्री डोकं इतकं शिणलेलं असतं की फार तर दुसऱ्यांचं वाचता येतं. हे असं नोकरी सांभाळून लिहिणं काही नवीन नाही. अँथनी ट्रॉलप नावाचा इंग्रज कादंबरीकार होता, 1834 साली टपाल खात्यात चिकटला तो 1867 पर्यंत तिथेच होता, आणि पहाटे साडेपाचला टेबलाशी बसून समोर घड्याळ ठेवायचा, दर पंधरा मिनिटांत 250 शब्द झालेच पाहिजेत असा नियम. आयुष्यात 47 कादंबऱ्या लिहिल्या बाबानं. लेखनाच्या शिस्तीवर कुणी बोलायला लागलं की ट्रॉलपचं ते घड्याळ हमखास निघतं. पण त्याच्याच आत्मचरित्रात, जे तो गेल्यावर 1883 साली आलं, त्यात एक गोष्ट आहे जी फारसं कुणी सांगत नाही. त्याला पहाटे कॉफी आणून देऊन उठवायला घरी एक म्हातारा नोकर होता, त्या कामाचे वर्षाला पाच पौंड जास्तीचे मिळायचे त्याला, आणि ट्रॉलप स्वतः म्हणतो की माझ्या यशाचं सगळ्यात जास्त श्रेय कदाचित त्यालाच द्यायला हवं. हे वाचल्यापासून मला तो घड्याळवाला ट्रॉलप जरा जास्त आवडायला लागला. माझ्याकडे फोनचा अलार्म आहे, तो कॉफी आणत नाही.

पंधरा मिनिटांत 250 शब्द मला काही जमत नाहीत. पण ठरलेल्या वेळेचा एक फायदा आहे, आज लिहायचं का नाही याचा विचारच करावा लागत नाही, आणि तो विचार करण्यातच अर्धी पहाट जाते हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीये. दुसरी युक्ती अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेची, पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबायचं, सगळं संपवून उठायचं नाही. ही मात्र मला अगदी लागू पडते कारण मला तसंही मध्येच उठावं लागतं, कुणाचा तरी डबा असतो, कुणाला तरी काहीतरी सापडत नसतं.

बाकी दिवसभर जे चालतं ते बाहेरून लिहिणं वाटतच नाही. कुणाचं तरी बोलणं कानावर पडतं, फोनमध्ये नोंद करते, आणि आठवड्यानं ती नोंद उघडली की त्यात लिहिलेलं असतं 'निळी बादली, फार महत्त्वाचं'. कुठली बादली, कुणाची बादली, देव जाणे. आणि नुसतं बसून विचार करत असले की घरातल्यांना वाटतं ही रिकामी आहे, 'बसलीच आहेस तर जरा...' म्हणून काम येतंच. भिंतीकडे बघत बसणं हे काम आहे हे पटवून देण्याचा नाद मी सोडलाय, खरं तर बाहेरून बघणाऱ्याला ते पटावं तरी का.

तर आता मुद्द्याचं, मिळतं काय. एका कथेचंच सांगते म्हणजे कळेल.

भावानं बहिणीकडून कधीतरी पैसे उसने घेतलेत, बरीच वर्षं झालीयेत, आता तो ते परत करायला आलाय आणि ती घेत नाहीये. कथा एवढीच. ती घेणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, का घेणार नाही हे माहीत नव्हतं. मोठ्या मनाची आहे म्हणून? मग ती फार गोड होते आणि गोड माणसांच्या कथा मला स्वतःलाच वाचवत नाहीत. रागावलीये म्हणून? मग भांडण लिहावं लागतं. ते लिहून पाहिलं, चांगलं दोन पानं, दोघं तावातावानं बोलली, जुनं सगळं उकरून काढलं, आई कुणाकडे जास्त राहिली इथपर्यंत गेलं, आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की ही दोघं माझ्या सोयीसाठी भांडतायत, यांचं स्वतःचं असं काही नाहीये त्यात. कथा तशीच पडून राहिली.

मग एकदा ऑफिसात येणी बाकीची यादी बघत होते. त्यात एक जण होता, भला माणूस, दर महिन्याला स्वतःहून फोन करायचा की मॅडम या महिन्यात जमत नाहीये, पुढच्या महिन्यात नक्की, आणि तेवढ्यात हवापाण्याच्या चार गोष्टीही व्हायच्या. त्याचे पैसे चुकते झाले होते. त्यामुळे अर्थातच फोनही बंद झाला होता. मी त्या रकान्याकडे बघत बसले आणि डोक्यात एकदम लख्ख पडलं की तो भाऊ बहिणीला फोन करतो ते कर्ज बाकी आहे म्हणून. ते फिटलं की फोन करायला कारणच राहत नाही. आणि तिला हे कळलेलं आहे, त्याला नाही.

त्यानंतर ऑफिसात काय काम केलं ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते दोन पानांचं भांडण उडवलं आणि तिच्या तोंडी एवढंच ठेवलं, 'राहू दे रे, पुढच्या महिन्यात दे.' पण मग ते वाक्य नुसतं तिथे ठेवून भागत नाही, वाचणाऱ्याला आधीपासून त्याचे फोन ऐकू आलेले असायला हवेत, म्हणून मागे जाऊन तीन-चार जागी ते फोन पेरले, अगदी जाता जाता, एकदा ती आंघोळीला जाताना फोन वाजतो, एकदा तो बोलता बोलता बायकोशी बोलायला लागतो आणि ही लाइनवर तशीच थांबते, असे. आणि सगळ्यात जास्त दिवस कशाला लागले माहितीये, त्या संवादानंतर मी एक ओळ लिहिली होती, तिला पैसे नको होते, त्याचा फोन हवा होता अशा अर्थाची, ती ओळ काढायला. चांगली ओळ होती, कुणीतरी खाली रेघ मारली असती अशी. रोज काढायची आणि उठायच्या आधी परत घालायची. शेवटी काढली ती काढलीच, आणि मोठ्यानं वाचून पाहिलं तर ती नसतानाही सगळं कळत होतं, उलट जास्त कळत होतं. मोठ्यानं म्हणजे तसं कुजबुजतच. फ्लोबेर हा फ्रेंच कादंबरीकार म्हणे आपली वाक्यं ओरडून ओरडून तपासायचा, त्याच्या घरात पहाटे कुणी झोपलेलं नसावं.

तर ते मिळतं. ती ओळ काढली त्या दिवशी जे वाटलं ते. काय वाटलं ते सांगायला गेलं की फार भारी काहीतरी बोलल्यासारखं होतं, पण घरी काय सांगणार, आज मी एक ओळ काढली? हेमिंग्वेनं 1958 साली छापून आलेल्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की 1929 सालच्या त्याच्या कादंबरीचं शेवटचं पान त्यानं 39 वेळा लिहिलं. मुलाखतकारानं विचारलं, अडचण काय होती नेमकी, तर म्हणाला शब्द नीट बसवायचे होते. हे उत्तर मी माझ्या एका मामांना ऐकवलं तर ते म्हणाले, मग आधी नीट विचार करून का नाही लिहिलं. मामांचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. पण लिहिल्याशिवाय विचारच होत नाही त्याला काय करणार.

साभार परतचं सांगायला हवं. पूर्वी म्हणे पाकिटातून कथा परत यायची, त्यावर निदान साभार तरी लिहिलेलं असायचं. आता बऱ्याच ठिकाणी नियमच असतो की इतक्या महिन्यांत कळवलं नाही तर नकार समजावा, म्हणजे नकारही आपला आपणच समजून घ्यायचा. अशा सगळ्या शांततेत एकदा एका संपादकांचं मेल आलं. कथा घेत नव्हतेच, पण खाली लिहिलं होतं की शेवटची चार वाक्यं काढून बघा. मी दिवसभर खुशीत. घरी विचारलं घेतली का, म्हटलं नाही, मग हसतेयस काय? अहो, त्यांनी शेवटपर्यंत वाचली होती! ज्याच्या टेबलावर ढिगानं कथा येऊन पडतात तो माणूस शेवटच्या चार वाक्यांपर्यंत पोचला होता आणि त्याला तिथे काहीतरी खुपलं होतं. मग मी चारपैकी तीन काढली. चौथं ठेवलं, कारण ते का हवंय हे मला सांगता येत होतं. सुरुवातीच्या काळात मी चारही काढली असती, किंवा रुसून एकही काढलं नसतं. हा जो फरक पडलाय ना, मला वाटतं माझी खरी कमाई म्हणायची तर हीच, आणि ती कुठल्याही पासबुकात दिसत नाही म्हणून तर तुम्ही विचारता.

एक मात्र सांगते, त्या अमक्याला इतके नकार आले आणि मग तो जगप्रसिद्ध झाला, हे किस्से मला पाठवू नका. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ते किस्से सगळे पुढे नाव झालेल्यांचे. तेवढेच नकार येऊन ज्यांचं काहीच झालं नाही ते कशाला मुलाखती देतील. आणि दुसऱ्या टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन, जवळजवळ 1800 कविता लिहिल्या आणि हयातीत छापून आल्या त्या दहा-बारा. तिच्याबद्दल वाचलं की मी थक्क होते पण मला तसं व्हायचं नाहीये हो. मला छापून यायचंय. माणसांनी वाचावं असं मला वाटतं, आणि तसं वाटणं हलकं आहे असं मला अजिबात वाटत नाही. छापून आलेली पहिली कथा मी कितीदा उघडून बघितली असेल, तीही नुसती कथा नाही, स्वतःचं नाव, आणि मग एका ठिकाणी 'की'चा 'कि' झालेला दिसला आणि त्यानंतर तेवढंच दिसायला लागलं.

त्या भाऊ-बहिणीची कथाही पुढे छापून आली. ऑफिसात मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण एकीला कुठून तरी कळलं, तिनं वाचून दुसरीला दिली. एक दिवस जेवायच्या सुट्टीत दोघींचं जुंपलं. एक म्हणाली ती बहीण चक्क लबाड आहे, भावाला आयुष्यभर मिंधं ठेवायचंय तिला. दुसरी म्हणाली लबाड कसली, त्या मेल्याला बिनकामाचा फोन करायला काय होतं. मग पहिली म्हणाली, माझाही भाऊ असाच आहे पण मी असते तर पैसे घेतले असते आणि फोन मीच केला असता, आणि दुसरी म्हणाली की हो ना, तूच करतेस, म्हणूनच तो करत नाही. आवाज चांगलेच चढले. ही कथा लिहिणारी बाई समोर बसून जेवतेय हे दोघींच्याही लक्षात नव्हतं, आणि मी कोशिंबिरीतून डोकंच वर काढत नव्हते, हसू दिसलं असतं म्हणून. शेवटी एकीला आठवलं, म्हणाली, अगं तूच सांग, पुढच्या महिन्यात तो पैसे घेऊन येतो का नुसता फोन करतो? म्हटलं मला नाही माहीत. तर म्हणे तुला माहीत नाही मग कुणाला माहीत असणार, आणि दोघी परत एकमेकींकडे वळून भांडायला लागल्या.